रेस सोडली की फट्! सायलेन्सरच्या आतला शंभर वर्षांचा इतिहास

मोटरसायकलला मराठीत एक जुना शब्द आहे, फटफटी. माझे आजोबा शेवटपर्यंत हाच शब्द वापरायचे, मग समोर स्प्लेंडर असो नाहीतर बुलेट. शब्द आवाजावरूनच पडलाय. गंमत अशी की ज्या आवाजावरून नाव पडलं, तो घालवण्यासाठी इंजिनियर लोकांनी शंभर वर्षं डोकं लावलं, आणि आपण आता काही हजार रुपये मोजून तोच आवाज परत विकत घेतो.

आज मात्र त्यातल्या एकाच ठरावीक आवाजाबद्दल बोलायचंय. नवा सायलेन्सर बसवला, पाम बीच रोडला गाडी काढली, पुढे सिग्नल लाल दिसला म्हणून रेस सोडली, आणि मागून फट्... फट्-फट्... फटाक! आधी कधी असं होत नव्हतं. गॅरेजवाला म्हणतो, "बॅकफायर मारतेय, जेट मोठा टाकू." मित्र म्हणतो, "अरे भारी वाटतंय, राहू दे." आई म्हणते, "विकून टाक."

माझं म्हणणं या तिघांपेक्षा वेगळं आहे. पाना हातात घेण्याआधी आरसी काढा आणि गाडी कुठल्या वर्षाची ते बघा. सायलेन्सर आणि त्याच्या आजूबाजूचा जवळपास प्रत्येक पार्ट कुठल्या तरी तारखेला, कुठल्या तरी नियमामुळे किंवा कुणाच्या तरी तक्रारीमुळे तिथे आलाय. ऑफिसात जुन्या कोडमध्ये विचित्र ओळ दिसली की आम्ही ती लगेच डिलीट करत नाही. आधी गिट ब्लेम मारतो, म्हणजे ही ओळ कुणी, कधी, कशासाठी टाकली ते बघतो. एक्झॉस्टलाही तेच लावायचं.

आधी हा आवाज होतो कसा ते समजून घेऊ. पेट्रोल नीट जळायला साधारण एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा लागते, वजनाने. रेस पूर्ण सोडली की इंजिनला हवा जवळजवळ मिळतच नाही, पण चाक मात्र इंजिनला फिरवत राहतं. मग इनटेकमध्ये जोरदार ओढ तयार होते. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बंद होण्याआधीच इनटेकचा उघडायला लागतो, त्या क्षणभरात जळलेला धूर उलटा आत ओढला जातो. सिलिंडरमध्ये थोडंसं ताजं मिश्रण आणि बराच धूर. प्लगने ठिणगी टाकली तरी असलं मिश्रण दरवेळी पेट घेत नाही. गाडी मिसिंग करते म्हणतो ना आपण, तेच. ते न जळलेलं पेट्रोल तसंच गरम पाइपात जातं. तिथे त्याला ऑक्सिजन मिळाला आणि मागून पुढच्या फेरीचा जळता धूर आला, की फट्.

म्हणजे स्फोट इंजिनात नाही, पाइपात होतो. इंजिनियर त्याला आफ्टरफायर किंवा आफ्टरबर्न म्हणतात. खरा बॅकफायर उलट्या बाजूला, म्हणजे कार्बोरेटरमधून शिंकल्यासारखा येतो. तो असेल तर हसण्यावारी नेऊ नका, एअर फिल्टरपर्यंत आग जाऊ शकते. आणि रेस देताना, ताण असताना फटाके येत असतील तर तो तिसराच प्रकार. प्लग, इग्निशन, टॅपेट बघा, सायलेन्सरला आधीच दोष देऊ नका. आपला विषय रेस सोडल्यावरचा.

आता इतिहास. इंजिनाच्या एक्झॉस्टसाठी मफलरचं पेटंट 1897 साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रीव्ह्ज बंधूंनी घेतलं. बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट 1909 मध्ये हायरम पर्सी मॅक्सिमने घेतलं. मशीनगन बनवणाऱ्या मॅक्सिमचा हा मुलगा, आणि पुढे त्याने इंजिनांचे मफलरही बनवले. बापाने आवाज केला, पोराने दाबला. बाकी मला यात रस आहे तो इंग्लंडमधल्या एका रेसट्रॅकमुळे.

ब्रुकलँड्स, 1907 मध्ये सुरू झालेला ट्रॅक. शेजारी राहणारे लोक आवाजाने हैराण. इतके, की रात्री रेसिंग बंद झालं. 1929 ला तिथे 24 तासांची रेस घ्यायची होती तर ती बारा-बारा तासांच्या दोन दिवसांत वाटून घ्यावी लागली, रात्री गाड्या कुलूपबंद! त्याच 1920 च्या दशकात ट्रॅकने सायलेन्सर सक्तीचा केला. लांबट, शेपटीला माशासारखा चपटा असा तो डबा 'ब्रुकलँड्स कॅन' म्हणून ओळखला जातो. सीवूड्सच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि ब्रुकलँड्सचे शेजारी यांची जात एकच आहे बघा.

याच ट्रॅकवर रेसमध्ये ताशी 100 मैलांच्या वर फेरी मारली की सोन्याच्या ताऱ्याचा बिल्ला मिळायचा. 1937 मध्ये वॉल हँडलीने बीएसएच्या 500 सीसी गाडीवर तो मिळवला, आणि पुढच्या वर्षी कंपनीने नव्या मॉडेलचं नावच गोल्ड स्टार ठेवलं. 1950 च्या दशकातल्या गोल्ड स्टारचा सायलेन्सर एका गोष्टीसाठी प्रसिद्ध झाला. रेस सोडली की तो चिवचिव करायचा. इंग्रज रायडर आजही त्या 'ट्विटर'बद्दल हळवे होऊन बोलतात. आणि आपल्याकडे बुलेटवाल्यांच्या बाजारात पंजाबी, इंदोरी यांच्या शेजारी टांगलेला 'गोल्डस्टार सायलेन्सर' असतो ना, त्याचं नाव तिथून आलंय. ज्या ट्रॅकने शेजाऱ्यांसाठी सायलेन्सर सक्तीचा केला, त्याच ट्रॅकच्या बिल्ल्याचं नाव लावून आपल्याकडे आवाज वाढवणारा पाइप विकला जातो. हे मला समजलं तेव्हा मी खूप हसलो होतो.

बुलेटचं एक वेगळं बोलायला हवं, कारण तिथे फटाके मुद्दाम फोडले जातात. चालत्या गाडीची चावी बंद करायची, रेस पिळलेली ठेवायची, इंजिन फिरत असतं त्यामुळे कार्बोरेटरमधून पेट्रोल ओढलं जाऊन न जळता पाइपात साठतं, आणि चावी चालू केली की धडाम. यात कसलंही ट्युनिंग नाही. पाइपात पेट्रोल ओतून काडी लावणं आहे. सायलेन्सरचा पत्रा शिवणीपाशी फाटतो, आतली ग्लासवूल जळते किंवा उडते, आणि मग गाडी कायमची कर्कश होते.

मधला टू-स्ट्रोकचा काळ मी पटकन सांगतो. येझदी, मग 1985 पासून आरएक्स 100. टू-स्ट्रोकला पाइप हा इंजिनाचाच भाग असतो. फुगलेला आणि पुन्हा निमुळता होणारा पाइप दाबाची लाट परत फिरवतो आणि निसटणारं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलतो. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीतल्या वॉल्टर काडनने 1950 च्या दशकात हे शास्त्र पक्कं केलं. 1961 मध्ये त्याचाच रायडर अर्न्स्ट डेग्नर पळून पश्चिमेकडे गेला आणि ते ज्ञान सुझुकीला मिळालं. अख्खा सिनेमा होईल त्यावर. आपल्यासाठी मुद्दा एवढाच: 'पाइप बदलला की गाडी पळते' हा समज आपल्या काका-मामांच्या पिढीत टू-स्ट्रोकमुळे घट्ट बसला. तिथे तो बऱ्याच अंशी खरा होता, अर्थात पाइप योग्य असेल तर. फोर-स्ट्रोक कम्युटरवर तोच समज आपण तसाच उचलून आणला.

आता आपला भारत. इथून पुढे तारखा महत्त्वाच्या.

दुचाकीच्या धुरावर आपल्याकडे पहिली मर्यादा 1991 मध्ये आली, पण ती ढिली होती. 1996 मध्ये कार्बन मोनॉक्साइड किलोमीटरमागे 4.5 ग्रॅमवर आला. 2000 मध्ये 2 ग्रॅम, 2005 मध्ये 1.5, 2010 मध्ये 1. पंधरा वर्षांपेक्षा कमी काळात साडेचारवरून एक. आरएक्स 100 चं उत्पादन 1996 मध्ये थांबलं, ते उगीच नाही. आणि हे सगळं तपासलं जातं कुठे? आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याच्या वेताळ टेकडीवर, 1966 मध्ये स्थापन झालेल्या एआरएआयमध्ये. देशात इतरही अशा संस्था आहेत, पण पुण्याचं हे नाव प्रत्येक बाइकवाल्याने मायलेजच्या आकड्याखाली वाचलेलं असतं.

हा आकडा खाली आणायला कंपन्यांनी काय काय केलं, ते तुमच्या गाडीवर दिसतं. पहिली गोष्ट म्हणजे कार्बोरेटर लीन केले, हवा जास्त, पेट्रोल कमी. आयडलचा मिक्स्चर स्क्रू टोपण लावून बंद केला, म्हणजे कुणी हात लावू नये. पण लीन मिश्रण रेस सोडल्यावर जास्त मिसिंग करतं, म्हणजे फटाके वाढणार. मग अनेक कार्बोरेटरमध्ये त्यावर उपाय म्हणून एक बारीकसा पडदा आला. रेस सोडल्यावर ओढ वाढली की तो आयडलच्या वाटेची हवा बंद करतो, मिश्रण तेवढ्यापुरतं रिच होतं, आणि पाइप गप्प राहतो. हा पडदा रबराचा असतो. वर्षानुवर्षं पेट्रोलात राहून तो चिरतो. जुन्या गाडीला सायलेन्सर न बदलताही फटाके यायला लागले तर आधी तोच बघायचा.

दुसरी गोष्ट, सेकंडरी एअर. टाकीखाली किंवा हेडच्या जवळ एक काळा डबा आणि सिलिंडर हेडकडे जाणारी रबरी नळी दिसते का? एक्झॉस्टच्या प्रत्येक धक्क्यामागे क्षणभर ओढ तयार होते, त्या ओढीने हा डबा फिल्टरमधली स्वच्छ हवा एक्झॉस्टमध्ये सोडतो. उरलेलं पेट्रोल तिथेच जळून जातं, धूर स्वच्छ. भारत स्टेज दोन आणि तीनच्या काळात हे आपल्या कम्युटरवर सर्रास आलं. आता विचार करा, पाइपात मुद्दाम ताजी हवा सोडायची आणि फटाके मात्र नकोत! म्हणून त्यात अजून एक झडप असते. रेस सोडली की ती हवा बंद करते. तिला हुकूम देणारी व्हॅक्यूमची बारीक नळी निघाली, चिरली, किंवा सायलेन्सर बदलताना कुणी ओढून काढली, की झालं.

तिसरी गोष्ट पुण्याचीच. बजाजने 2001 मध्ये पल्सर आणली, 2003 मध्ये दोन प्लगचं डीटीएस-आय आणलं, आणि त्या दशकाच्या मध्यावर बेंड पाइपवर एक छोटा डबा आला. नाव एक्झॉसटेक. कमी आरपीएमला लाटेचा उपयोग करून ओढ वाढवायची ही युक्ती. फुल सिस्टीम बसवून तो बेंड पाइप काढला की लोक म्हणतात, "आवाज मस्त आला, पण गाडी खालून मेली." मरणारच. जो डबा खालची ताकद देत होता तोच माळ्यावर गेला.

याच कंपनीची एक मजा सांगतो. 2007 मध्ये पल्सर 220 फ्युएल इंजेक्शनसह आली, आणि 2009 मध्ये तीच गाडी परत कार्बोरेटरवर गेली! कारण तेव्हाच्या नियमांत कार्बोरेटर बसत होता आणि तो स्वस्त होता. तंत्रज्ञान पुढेच जातं असं काही नसतं. नियम ढकलतो तेवढं ते जातं.

आता आरसीची गोची सांगतो. 29 मार्च 2017 रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 1 एप्रिलपासून बीएस-3 गाड्या विकायच्या नाहीत. कंपन्यांकडे तेव्हा आठ लाखांहून जास्त अशा गाड्या पडून होत्या, त्यातल्या साडेसहा लाखांहून जास्त दुचाकी. दोन दिवस शोरूमबाहेर रांगा लागल्या, हजारोंनी सूट. माझ्या कोपरखैरण्याच्या मावसभावाने त्याच गर्दीत दीडशे सीसीची गाडी उचलली. म्हणजे कागदावर 2017, आतून 2010 चा नियम. अशी गाडी असेल तर वर्षाबरोबर बीएसचा आकडाही बघा.

त्याने गेल्या वर्षी फ्री-फ्लो पाइप बसवला आणि वाशीच्या पुलावरून उतरताना फटाके सुरू झाले. गॅरेजवाला थेट मोठा जेट टाकायला निघाला होता. आम्ही रविवारी सकाळी त्याच्या पार्किंगमध्ये बसलो. इंजिन थंड असताना सुरू केलं, पाइपच्या टोकाला ओला जाड कपडा क्षणभर दाबून धरला, आणि कान हेडजवळ नेला. सुस्स. बेंड पाइप हेडला मिळतो तिथून हवा निघत होती. साबणाचं पाणी टाकलं तर बुडबुडे. जुनंच चेपलेलं पॅकिंग परत बसवलं होतं. अहो, ते पॅकिंग एकदा दाबलं गेलं की तसाच आकार घेतं. पाइप काढला की नवीन टाकायचं, त्याची किंमत पाइपाच्या किमतीत हिशेबालाही येत नाही. धूर बाहेर येतो ते सोडा, दोन धक्क्यांच्या मधे तिथूनच बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि फटाक्याला हवा असलेला ऑक्सिजन मिळतो.

नवं पॅकिंग, दोन्ही नट थोडे थोडे करून सारखे आवळले, निम्मे फटाके गेले. मग सेकंडरी एअरची नळी फक्त चाचणीपुरती चिमट्याने बंद केली आणि एक फेरी मारली. अजून कमी झाले, म्हणजे तिथली झडप नीट बंद होत नव्हती. झडप बदलली. नळीत बूच मारून सोडून देऊ नका, मग धुराचं गणित बिघडतं. शेवटी मिक्स्चर स्क्रू अर्धा फेरा रिच केला आणि पीयूसी करून घेतली. 2000 नंतरच्या अशा दुचाकीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड 3.5 टक्क्यांच्या आत हवा, त्याचा आला. जेटला हातही लावावा लागला नाही. एखादा बारीक पॉप अजून येतो. तो बहुतेक आधीही येत असणार, फक्त कंपनीच्या सायलेन्सरमधल्या जाळ्या आणि कप्पे तो गिळून टाकायचे.

बीएस-6, म्हणजे 1 एप्रिल 2020 नंतरची गाडी असेल तर स्क्रू, जेट सगळं विसरा. कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं, पाइपात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर आले. तिथला सगळ्यात सामान्य बग आमच्या धंद्यातला आहे: इनपुट चुकीचं. सेन्सरच्या आधी पाइप गळत असेल तर बाहेरची हवा सेन्सरला लागते, त्याला वाटतं मिश्रण लीन आहे, ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवतो, आणि ते जास्तीचं पेट्रोल पाइपात त्याच गळक्या हवेला जाऊन भेटतं. म्हणून पुन्हा पहिलं काम पॅकिंगच. मग सेन्सरची वायर ताणली गेलीय का ते. नुसता मागचा डबा बदलला असेल आणि कन्व्हर्टर बेंड पाइपात शाबूत असेल तर सहसा गाडी सांभाळून घेते. फुल सिस्टीम टाकून कन्व्हर्टर उडवला असेल आणि सेन्सरच्या जागी कुणी छोटा रेझिस्टर लावून दिला असेल, तर ते टेस्ट पास व्हावी म्हणून टेस्टच कमेंट करून टाकण्यासारखं आहे.

कायद्याचंही स्पष्ट बोलूया. 80 ते 175 सीसीच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा 77 डेसिबल आहे, 175 च्या वर 80. तीन डेसिबल ऐकायला थोडे वाटतात, पण आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. ही मान्यता इंजिन आणि सायलेन्सर या जोडीला मिळालेली असते, त्यामुळे पाइपवर कुठलाही शिक्का असला तरी तुमच्या गाडीवर तो आपोआप लागू होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) मध्ये 2019 च्या दुरुस्तीनंतर आवाज-धुराच्या उल्लंघनाला 10 हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्सला अपात्र. जप्त सायलेन्सर ओळीने मांडून वरून रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील.

मावसभावाला हे सगळं सांगून झालं. तो ऐकत होता, मान डोलावत होता. मग खालच्या मजल्यावरच्या काकू पिशवी घेऊन खाली आल्या, त्यांच्याकडे दोन महिन्यांची नात आलीय. त्यांनी गाडीकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "झाली का रे दुरुस्त? रात्री तू आलास की ती दचकून उठते." फटाके गेले होते, पण 77 च्या वरचा आवाज तसाच होता. त्याच संध्याकाळी माळ्यावरून कंपनीचा सायलेन्सर खाली आला. पॅकिंग आम्ही पुन्हा नवीन टाकलं.

पुढच्या भागात हॉर्न. तोपर्यंत आरसी शोधून ठेवा.